पिशवीच्या एमआरआयआधी ते इंजेक्शन कशासाठी?

दादरला आमच्या सेंटरवर ओटीपोटाच्या एमआरआयसाठी येणाऱ्या बायका हमखास विचारतात, "चिठ्ठीत तर फक्त एमआरआय लिहिलाय, मग हे इंजेक्शन कशाला?" प्रश्न रास्त आहे.

गर्भपिशवी स्नायूंची असते. पाळी नसतानाही ती अधूनमधून आवळते, पुन्हा सैल होते. तुम्हाला बहुतेक वेळा कळतही नाही, पण एमआरआयमध्ये ते दिसतं. टी-२ नावाच्या चित्रात पिशवीचे तीन थर ओळखू येतात: आतलं अस्तर पांढरं, त्याला लागून काळा पट्टा, बाहेरचा स्नायू करडा. स्नायूचा एखादा भाग आवळला की तेवढी जागा काळी पडते आणि अस्तराकडे फुगते. फायब्रॉइडची गाठही बहुधा काळीच दिसते. अ‍ॅडेनोमायोसिस म्हणजे पिशवीचं आतलं अस्तर तिच्या स्नायूत शिरण्याचा आजार. त्यात तो काळा पट्टा जाड होतो. १२ मिलिमीटर किंवा त्याहून जाड दिसला की डॉक्टरांना त्या आजाराची शंका येते. म्हणजे घडीभराच्या आवळण्यामुळे नसलेली गाठ किंवा 'पिशवीला सूज' असल्याचा भास होऊ शकतो. तेवढ्यावरून बाईची झोप उडावी, हे आम्हाला पटत नाही.

इंजेक्शन बहुधा ब्युस्कोपॅनचं, म्हणजे हायोसिन ब्युटिलब्रोमाइडचं असतं. त्याने पिशवीचं आवळणं कमी होतं, आतड्यांची हालचालही मंदावते आणि चित्र हलल्यासारखं येत नाही. असर थोडाच वेळ टिकतो, म्हणून ते स्कॅनच्या अगदी आधी देतात. खरी गाठ त्याने विरघळत नाही, लहानही होत नाही. ती दिसायची तशीच दिसते. आवळणं पूर्ण थांबेलच असंही नाही. शंका आली तर टेक्निशियन काही मिनिटांनी तेच चित्र पुन्हा घेतात. पहिल्या चित्रात मागच्या भिंतीवर काळा फुगवटा आणि दुसऱ्यात तीच भिंत सरळ, तर ती गाठ नव्हती. त्यामुळे "अजून पाच मिनिटं" म्हटलं तर घाबरू नका.

नंतर तोंड कोरडं पडेल, थोडं धडधडेल, जवळचं धूसर दिसेल. नजर साफ होईपर्यंत स्कूटी चालवू नका. डोळा लाल होऊन दुखू लागला तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

काचबिंदू, हृदयाचे ठोके जलद पडण्याचा त्रास, मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू दुबळे पडण्याचा आजार), लघवी अडकणं, औषधाची अ‍ॅलर्जी यांपैकी काही असेल किंवा दिवस गेल्याची शक्यता असेल, तर आधीच सांगा. इंजेक्शन देता आलं नाही तरी स्कॅन होतो. दुखतं म्हणून घरी मेफ्टाल-स्पास घेतली असेल तर तीही सांगा. त्यातही पेटके कमी करणारं औषध असतं.

मागच्या पाळीची तारीख लिहून आणा. पाळीच्या दिवसांत पिशवी जास्त आवळते, काळा पट्टा जाड भासू शकतो. घाई नसेल तर डॉक्टरांना विचारून आपण तारीख पुढे ढकलू. जुने सोनोग्राफीचे रिपोर्ट सोबत असू द्या. मंगळसूत्र, जोडवी, साडीच्या पिना घरीच काढून ठेवा.