बेल अर आणि त्रे रिश अर : एकाच ड्यूकच्या दोन पोथ्या, नेहमीचा घोळ

बर्फाने भरलेलं शेत, वर शिशासारखं आकाश, आणि डावीकडे घरात शेकोटीपुढे कपडे वर करून शेकत बसलेले शेतकरी (हो, नीट बघितलं तर जरा जास्तच वर केलेत). मध्ययुगीन सचित्र पोथी म्हटलं की हे चित्र हमखास फिरतं आणि खाली नाव बऱ्याचदा भलत्याच पोथीचं असतं. हे चित्र 'त्रे रिश अर'मधलं, फेब्रुवारी महिन्याचं पान. न्यूयॉर्कला आहे ती 'बेल अर', ती वेगळी. घोळ होणारच म्हणा, कारण दोन्ही एकाच माणसाने करून घेतल्या, दोन्हीवर त्याच तीन भावांनी काम केलं आणि दोन्ही 'बुक ऑफ अवर्स' म्हणजे आपल्या नित्यपाठाच्या पोथीसारखा प्रकार, दिवसाच्या ठरलेल्या वेळी घरच्या घरी म्हणायच्या प्रार्थना, फक्त इथे घर म्हणजे राजवाडा.

माणूस कोण, तर बेरीचा ड्यूक जाँ, फ्रान्सच्या राजाचा मुलगा आणि पुढच्या राजाचा भाऊ. किल्ले, रत्नं, पुस्तकं, जे सुंदर दिसेल ते हवंच, आणि पैसे कमी पडले की रयतेवर कर. तीन भाऊ म्हणजे पॉल, हेरमान आणि जाँ लिंबुर्ग, मूळचे नायमेखनचे, आजच्या नेदरलँड्समधले. ड्यूकशी यांचं किती जमायचं बघा, १४११ च्या नवीन वर्षाला त्यांनी त्याला एक पुस्तक भेट दिलं, पांढरं मखमली कव्हर, सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या कड्या, आणि ते पुस्तक नव्हतंच! पुस्तकासारखा दिसणारा लाकडाचा ठोकळा होता, आत एकही पान नाही. चित्रकार मालकाची अशी थट्टा करतात आणि मालकाच्या सामानाच्या यादीत त्याची रीतसर नोंद होते, यातच सगळं आलं.

आता फरक. बेल अर आधीची, साधारण १४०५ ते १४०९ मधली, आणि मुख्य म्हणजे पूर्ण झालेली. भावांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः रंगवलेली पूर्ण पोथी म्हणून हीच एक दाखवता येते. आकाराने लहान, साधारण २४ बाय १७ सेंटीमीटर. त्रे रिश अर मोठी, २९ बाय २१ च्या आसपास, आणि अर्धवट राहिलेली, कारण जून १४१६ मध्ये ड्यूक गेला आणि त्याच वर्षात तिघं भाऊही गेले, बहुतेक प्लेगने. ड्यूकच्या मृत्यूनंतरच्या यादीत ती पुस्तक म्हणूनही नाही, एका पेटीत ठेवलेल्या सुट्या पानांच्या जुड्या म्हणून आहे, किंमत ५०० लिव्हर (तेव्हाचं फ्रेंच चलन). म्हणजे आज जगातली सगळ्यात प्रसिद्ध सचित्र पोथी तिच्या मालकाने बांधलेली कधी बघितलीच नाही.

नुसतं चित्र बघून ओळखायचं असेल तर कॅलेंडर बघा. त्रे रिशमध्ये प्रत्येक महिन्याला अख्खं पान, वर अर्धगोलात सूर्याचा रथ आणि राशी, खाली बहुतेक पानांवर खराखुरा किल्ला आणि त्यापुढे नांगरणी, कापणी, द्राक्षतोडणी असं काहीतरी. जानेवारीत ड्यूक स्वतः मेजवानीला बसलेला आहे, निळ्या झग्यात, डोक्यावर फरची टोपी वगैरे. बेल अरमध्ये कॅलेंडर आहे पण महिन्यांची चित्रं अगदी छोट्या चौकटींत, पटकन लक्षातही येत नाहीत. तिचा जीव दुसरीकडे आहे, मध्येमध्ये संतांच्या गोष्टी पानामागून पान चित्रांनी सांगितल्यात, सेंट कॅथरीन, सेंट जेरोम, सेंट ब्रुनो, जवळजवळ कॉमिक्ससारख्या वाचता येतात. माझं वैयक्तिक मत विचारलं तर गोष्ट सांगण्यात बेल अर उजवी आहे, त्रे रिशला तिच्या किल्ल्यांनी आणि पोस्टरांनी मोठं केलंय.

पण खरी मजा मालकांच्या इतिहासात. ड्यूक मागे भरपूर कर्ज ठेवून गेला होता, त्यामुळे वस्तू विकणं भागच होतं. बेल अर आंजूची डचेस योलांद हिने ३०० लिव्हरला घेतली. पुढे अनेक हात फिरून १८८० मध्ये ती बॅरन एदमाँ द रोथशिल्डकडे आली, मग मुलगा मोरीसकडे. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या रोथशिल्ड घराण्याचे संग्रह नाझींनी लुटले, आणि ती लूट शोधून काढणाऱ्या अमेरिकन अधिकाऱ्यांमध्ये जेम्स रोरिमर नावाचा माणूस होता. हाच रोरिमर १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्सचा, म्हणजे मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या मध्ययुगीन शाखेचा प्रमुख होता, आणि त्याच साली क्लॉइस्टर्सने मोरीसची बेल अर विकत घेतली. एवढे मालक झाले पण पोथीत कुणी मोठा हात घातला नाही, ती ड्यूकचीच राहिली. सुरुवातीला त्याचा सचिव जाँ फ्लामेल याने वळणदार अक्षरात लिहून ठेवलंय की ही पोथी अमुक अमुक थोर राजपुत्राने करवून घेतली, ते अजून आहे.

त्रे रिशचं उलट. अर्धवट असल्यामुळे जो आला त्याने भर घातली. १४४० च्या सुमारास कुणीतरी, बहुतेक बार्तेलेमी द'आइकने, काही पानं पुढे नेली. मग सव्हॉयचा ड्यूक पहिला शार्ल याच्याकडे असताना १४८५ ते १४८९ मध्ये जाँ कोलोंबने उरलेलं पूर्ण केलं, आणि शार्लने एका पानावर स्वतःला आणि बायकोला ख्रिस्तापुढे हात जोडून बसवून घेतलं. दुसऱ्याच्या पोथीत आपला फोटो लावल्यातला प्रकार! सप्टेंबरचं पान बघा, वर सोम्यूरचा किल्ला आधीच्या हातचा, खाली द्राक्षं तोडणारी माणसं कोलोंबची, आणि एकदा कळलं की वरची नाजूक रेषा आणि खालची जाडीभरडी माणसं वेगळी दिसायलाच लागतात. नोव्हेंबर तर वरचा अर्धगोल सोडला तर कोलोंबचाच.

पुढे ऑस्ट्रियाची मार्गारेट, आणि नंतर जेनोआची स्पिनोला आणि सेरा घराणी, दोघांचीही चिन्हं बांधणीवर आहेत. १८५५ च्या डिसेंबरात ओमालच्या ड्यूकने, फ्रान्सच्या पदच्युत राजाचा हा मुलगा तेव्हा इंग्लंडात परागंदा होता, जेनोआजवळ पेली गावात मुलींच्या बोर्डिंग शाळेत ही पोथी बघितली. कुठे सापडावी! आतली अस्वलं आणि हंस ही बेरीच्या ड्यूकची खूण ओळखून पुढच्या वर्षी १८,००० फ्रँकला घेतली. ५०० लिव्हरच्या त्या जुन्या नोंदीतल्या जुड्या याच, हे मात्र फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या लेओपोल्द देलीलने जुळवलं आणि १८८४ मध्ये छापलं.

ओमालने पॅरिसजवळच्या शाँतिईचा आपला राजवाडा संग्रहासकट इन्स्टिट्यूट द फ्रान्स या विद्वानांच्या संस्थेला दिला, अट अशी की वस्तू बाहेर उसन्या द्यायच्या नाहीत. म्हणून त्रे रिश प्रवास करत नाही. बेल अरची पानं दुरुस्तीसाठी बांधणीतून सोडवली होती तेव्हा ती २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियमला गेली, २०१० मध्ये न्यूयॉर्कला लोकांनी पानं सुटी सुटी बघितली. त्रे रिशचं कॅलेंडर असं सुटं करून मांडायला २०२५ उजाडलं, तेही शाँतिईतच. एरवी शाँतिईला गेलात तर मूळ पोथीऐवजी हुबेहूब प्रतीवर समाधान मानायची तयारी ठेवा.