पार्श्वभूमी : डेव्हिड नॅशचं लाकूड आणि स्लेटचं गाव

डेव्हिड नॅश हे ब्रिटिश शिल्पकार. झाडं आणि लाकूड हेच त्यांचं माध्यम, असं म्हटलं की माणसाचा हात न लागलेलं एखादं जंगल डोळ्यांपुढे येतं. नॅश ज्या गावात १९६७च्या सुमारास राहायला गेले ते उत्तर वेल्समधलं ब्लायनाय फेस्टिनिओग मात्र अगदी उलट आहे. घरांच्या मागच्या भिंतीला भिडलेले करडे डोंगर दिसतात ते डोंगर नव्हेतच. ते खाणींतून निघालेल्या स्लेटच्या, म्हणजे पाटीच्या दगडाच्या टाकाऊ कपच्यांचे ढीग आहेत. १९५१ साली स्नोडोनिया राष्ट्रीय उद्यानाची हद्द आखताना हे गाव मुद्दाम बाहेर ठेवलं गेलं. चारी बाजूंनी उद्यान आणि मधोमध हे भोक. नॅश यांचं काम समजून घ्यायचं तर आधी या भोकाकडे बघायला हवं.

एकोणिसाव्या शतकात इथली स्लेट छपरांसाठी जगभर जात होती. १८८१ साली गावाची वस्ती अकरा हजारांवर होती. आज ती निम्म्याहूनही कमी आहे. खाणकामगारांनी वस्तीवस्तीत चॅपेलं, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनागृहं, बांधली होती. धंदा बसला, माणसं पांगली आणि ही दणकट दगडी चॅपेलं ओस पडली. (एक खाण मात्र दुसऱ्या महायुद्धात वेगळ्याच कामाला आली. बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं १९४१ पासून जवळच्या मानोदच्या खाणीत हलवली होती.) किंग्स्टनच्या कलाशाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या नॅश यांना लंडनमध्ये राहणं आणि स्टुडिओ चालवणं झेपणारं नव्हतं. फेस्टिनिओगचं खोरं त्यांना लहानपणच्या सुट्ट्यांपासून ओळखीचं. १९६८ मध्ये त्यांनी तिथलं कापेल रिऊ हे चॅपेल विकत घेतलं आणि तेच त्यांचं घर आणि कार्यशाळा झालं. निसर्गाची ओढ वगैरे नंतरची. आधी हिशेब होता, असं माझं मत आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

तो काळच शिल्पकलेनं गॅलरीबाहेर पडण्याचा होता. रिचर्ड लाँग १९६७ साली गवतावरून तीच वाट पुन्हा पुन्हा चालले आणि दबलेल्या गवताची रेघ हीच कलाकृती ठरली. अमेरिकेत मायकल हायझर यांनी १९६९ मध्ये नेवाडाच्या पठारात सुमारे २,४०,००० टन खडक हलवून प्रचंड चर खणले. पुढच्याच वर्षी रॉबर्ट स्मिथसन यांनी युटाच्या खाऱ्या सरोवरात दीड हजार फूट लांबीचा दगडांचा सर्पिल बांध घातला. नॅश या सगळ्यांचे समकालीन. पण त्यांनी जमीन हलवायला यंत्रं आणली नाहीत. हलवलेल्या जमिनीचे ढीग तर त्यांच्या दारातच होते.

सुरुवातीला ते फळ्या जोडून रंगीत मनोरे उभारत. १९७० मध्ये त्यांनी ओल्या लाकडातून नऊ गोळे तासले. लाकूड वाळू लागलं तसे ते तडकले. ओलं लाकूड बाहेरून लवकर सुकतं आणि आत गाभा ओलाच राहतो. शिवाय ते घेराच्या दिशेनं जास्त आकसतं, गाभ्याकडे कमी. हा ताण सुटायला जागा हवी, म्हणून भेग पडते आणि ती सालीकडून गाभ्याकडे धावते. सुतार हे टाळण्यासाठी लाकूड मुरवतो. नॅश यांनी भेगा राहू दिल्या आणि पुढे त्या धरूनच कामं आखली. ते मोठ्या कामांसाठी जिवंत, निरोगी झाड सहसा पाडत नाहीत. वादळानं, रोगानं किंवा धोकादायक ठरल्यामुळे पडलेलं झाड घ्यायचं आणि बुंध्यापासून फांद्यांपर्यंत शक्यतो सगळं तिथल्या तिथेच कामाला लावायचं, ही त्यांची रीत.

१९७८ मध्ये मायेंट्रॉगजवळच्या एका मोठ्या ओकमधून त्यांनी सुमारे मीटरभर व्यासाचा ओबडधोबड गोळा कापला. वजन काहीशे किलो. तो ओढ्यातून खाली सोडून रस्त्यापर्यंत न्यायचा आणि मग कार्यशाळेत, असा बेत होता. गोळा मध्येच अडकला. नॅश यांनी तो तिथेच राहू दिला आणि त्याची नोंद ठेवायला सुरुवात केली. पूर आला की गोळा पुढे सरके, मग वर्षानुवर्षं तिथेच. छायाचित्रं आणि रेखाटनं साठत गेली. एकदा तो पुलाखाली अडकला तेव्हा त्याला बाहेर काढावं लागलं. २००३ मध्ये तो ड्विरिड नदीच्या खाडीत पोचला, भरतीओहोटीबरोबर फिरला आणि दिसेनासा झाला. दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, पुन्हा सापडला. २०१५ नंतर परत गायब.

याच नदीचा आधीचा इतिहास या कथेत फारसा कुणी आणत नाही. १८३६ मध्ये फेस्टिनिओग रेल्वे सुरू होण्याआधी खाणीतली स्लेट खेचरं आणि गाड्यांवरून ड्विरिडच्या धक्क्यांवर येई आणि तिथून लहान होड्यांनी समुद्राकडे जाई. ओकचा गोळा जवळपास त्याच मार्गानं गेला.

हा गोळा कापण्याआधी वर्षभर, १९७७ मध्ये, वडिलांच्या मालकीच्या कायन-अ-कॉयड या जागेत नॅश यांनी सुमारे तीस फूट व्यासाच्या वर्तुळात अ‍ॅश या झाडाची २२ रोपं लावली. मेंढ्यांनी पहिली रोपं फस्त केली. मग कुंपण घालून पुन्हा लावणी. पद्धत जुन्या शेतकऱ्यांची. जिवंत कुंपण करताना खोडाला एका बाजूनं खाच द्यायची, ते वाकवायचं आणि जखम भरून येऊ द्यायची. त्यामुळे खोडं आत झुकून घुमट तयार झाला. शीतयुद्ध आणि आर्थिक मंदीच्या त्या दिवसांत एकविसाव्या शतकासाठी केलेलं हे काम होतं. नेमकी जागा त्यांनी जाहीर केली नाही.

एकविसावं शतक उजाडलं आणि सोबत बुरशीही आली. अ‍ॅशची झाडं शेंड्यापासून मारणारा रोग ब्रिटनमध्ये २०१२ साली आढळला आणि पुढे या घुमटालाही लागला. २०१९ मध्ये नॅश यांनी वर्तुळाभोवती ओकची रोपं लावली. अ‍ॅशला वाचवण्याची खटपट त्यांनी केली नाही. त्याच वर्षी कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात कापेल रिऊमधल्या पन्नास वर्षांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. २०२१ साली वायव्य वेल्सच्या स्लेट-प्रदेशाला युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात फेस्टिनिओगच्या खाणीही आल्या. राष्ट्रीय उद्यानाची हद्द मात्र अजून गावाला वळसा घालूनच जाते.