लेपर्ड गेको : आहार आणि पचनाचे विकार

लेपर्ड गेको (शास्त्रीय नाव युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस) ही अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ मुलखात राहणारी पाल आहे. एडवर्ड ब्लिथ यांनी १८५४ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. भिंतीवरच्या पालीसारख्या चिकट गाद्या तिच्या बोटांना नसतात आणि तिला उघडझाप करणाऱ्या पापण्या असतात. ती जमिनीवर वावरते, दिवसा कपारीत दडते आणि तिन्हीसांजेला शिकारीला निघते. पाळीव प्राणी म्हणून तिची पैदास आता जगभर होते. पूर्ण वाढलेली पाल २० ते २५ सेंटिमीटर लांब व साधारण ५० ते ८० ग्रॅम वजनाची असते आणि नीट सांभाळली तर १५ वर्षे, कधी त्याहून जास्त जगते. पाळणारे पशुवैद्याकडे धाव घेतात ती बहुधा ‘खात नाही’, ‘शी करत नाही’ किंवा ‘खाल्लेले ओकते’ या तक्रारींपायी. यांतल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ ती राहते त्या पेटीच्या तापमानात सापडते.

महाराष्ट्रात याच कुळातली युब्लेफॅरिस फस्कस ही जात डोंगराळ, झुडपी रानात आढळते, तर सातपुड्यातली युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस ही जात २०१४ मध्ये नव्याने नोंदली गेली. अंगावरच्या ठिपक्यांमुळे त्यांना विषारी समजून मारले जाते, पण त्यांना विष अजिबात नसते. रानातली पाल पकडून पेटीत ठेवू नये. पुढचे सगळे विवेचन बंदिस्त जागेत जन्मलेल्या पाळीव पालींपुरते आहे.

उष्णता आणि पचन

लेपर्ड गेको स्वतःच्या शरीरात उष्णता तयार करत नाही. पोटातले पाचक रस ठरावीक तापमानालाच नीट काम करतात आणि ते तापमान तिला बाहेरून मिळवावे लागते. रानात दिवसभर तापलेल्या दगडाखाली ती दडून बसते, तेव्हा हे आपोआप साधते. पेटीत ते माणसाला साधून द्यावे लागते. एका टोकाला जमिनीचे तापमान ३१ ते ३३ अंश सेल्सियस, दुसऱ्या टोकाला २४ ते २६ अंश आणि दोन्हीकडे लपायला जागा, अशी रचना असली की पाल आपल्या गरजेप्रमाणे जागा बदलत राहते. दोन्ही टोके सारखीच गरम असतील तर तिला निवड उरत नाही, आणि हेही थंडीइतकेच घातक.

उबदार टोक २५ अंशांवरच राहिले तर किडा पोटात पडून राहतो, पचण्याऐवजी कुजू लागतो. पोट फुगते आणि पाल तो अर्धवट अवस्थेत ओकते, किंवा पुढचे खाणेच थांबवते. तिच्या दृष्टीने हे न खाणे शहाणपणाचे असते, कारण जे पचणार नाही ते पोटात न घेतलेलेच बरे. म्हणून न खाणाऱ्या पालीला बळेच भरवण्याआधी जमिनीचे तापमान मोजावे. पेटीच्या काचेवर चिकटवलेला तापमापक हवेचे तापमान दाखवतो, पालीच्या पोटाखालचे नाही. जमिनीवर रोखून मोजता येणारा इन्फ्रारेड तापमापक किंवा जमिनीवर ठेवलेला सेन्सर लागतो. तापवणारी चटई थर्मोस्टॅटशिवाय (तापमान ठरलेल्या पातळीवर रोखणाऱ्या उपकरणाशिवाय) वापरू नये, कारण तिच्यामुळे पोट भाजल्याची उदाहरणे आहेत. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात रात्री घरातला पारा उतरतो तेव्हा पालीची भूक मंदावते. उबदार टोक सांभाळले तर बहुतेक वेळा ती परत खाऊ लागते.

आहार

ही पूर्णपणे मांसाहारी पाल आहे. फळे, भाज्या, शिजवलेले मांस तिचे अन्न नव्हे. पाळीव अवस्थेत रातकिडे, मीलवर्म (एका भुंगेऱ्याच्या अळ्या), डुबिया झुरळे आणि काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या यांवर ती उत्तम राहते. भारतात मीलवर्म आणि त्यांच्याहून मोठ्या अळ्या म्हणजे सुपरवर्म ही पक्ष्यांच्या व माशांच्या खाद्याच्या दुकानांत मिळतात, त्यामुळे नुसत्या त्यांच्यावर पाल वाढवण्याचा मोह होतो. तो टाळावा. एकाच किड्यावर वाढलेल्या पालीत उणिवा साचत जातात, शिवाय ती पुढे दुसरे काही तोंडातच घेत नाही. वॅक्सवर्म (मेणपतंगाच्या अळ्या) अतिशय चरबीचे असतात आणि पालीला त्यांची चटक लागते, म्हणून ते क्वचितच द्यावेत.

किडा पालीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नसावा. पाल दातांनी किडा पकडते, दोनचार वेळा दाबते आणि जवळजवळ अख्खा गिळते. वाजवीपेक्षा मोठा किडा उलटून येतो. पिल्लांना रोज, मोठ्यांना आठवड्यातून दोनतीनदा खाऊ घालणे पुरते. न खाल्लेले रातकिडे रात्रभर पेटीत सोडू नयेत, कारण भुकेले रातकिडे झोपलेल्या पालीला चावतात. बागेतले किडे कीटकनाशकामुळे धोक्याचे, आणि काजवा कधीही देऊ नये. काजव्यातले विषद्रव्य पालींसाठी प्राणघातक आहे.

रातकिड्यांत आणि मीलवर्ममध्ये फॉस्फरस भरपूर व कॅल्शियम फार थोडे असते. म्हणून खाऊ घालण्याआधी एकदोन दिवस किड्यांना पालेभाज्या, गाजर असे पौष्टिक खाद्य देतात आणि आयत्या वेळी त्यांच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरतात. डी-३ जीवनसत्त्व पुडीतून किंवा सौम्य यूव्हीबी (अतिनील किरणांच्या) दिव्यातून मिळते. त्याच्याशिवाय कॅल्शियम आतड्यातून नीट शोषले जात नाही. ही कमतरता पोटाशी दोन वाटांनी जोडलेली आहे. एक तर हाडे ठिसूळ होऊन जबडा मऊ पडतो आणि पालीला किडा दाबता येत नाही. तिला भूक असते, ती झेप घेते आणि किडा सोडून देते. दुसरे म्हणजे कॅल्शियमच्या शोधात ती पेटीतली वाळू, माती चाटू लागते. अ जीवनसत्त्वाची कमतरता डोळ्यांवर उतरते. पापण्यांखाली कातेचे तुकडे व स्राव साचले की पाल शिकार पाहूच शकत नाही आणि उपाशी राहते.

खाणे सोडण्याची कारणे

खाणे सोडणे हा नेहमीच आजार नसतो. कात टाकण्याआधीचे दिवस, नवे घर, पेटीतला बदल, थंडी, यांत भूक मंदावते. वसंतात माजावर आलेले नर काही आठवडे जेमतेम खातात. मादीच्या पोटात अंडी वाढत असली की तीही खाणे कमी करते, आणि ती नराशिवाय एकटी असली तरी हे घडू शकते. पोटाच्या पातळ कातडीतून दोन्ही बाजूंना गोल, फिकट अंडी दिसतात. मादी बराच काळ उकरत राहिली, अशक्त झाली आणि अंडी बाहेर आली नाहीत तर ती अडकलेली असतात. तिथे घरगुती उपाय नाही, पशुवैद्यच हवा.

दोन पाली एकत्र ठेवल्या की वरचढ पाल उबदार जागा आणि खाणे दोन्ही बळकावते. दुसरी हळूहळू वाळते, भांडणाचा मागमूसही न दिसता. एनिग्मा या रंगप्रकारातल्या काही पालींमध्ये मेंदूशी संबंधित आनुवंशिक दोष असतो. त्या गोल फिरतात आणि शिकारीवरची झेप चुकवतात. त्यांना चिमट्याने भरवावे लागते.

निरोगी मोठी पाल दोन आठवडे न खाता राहू शकते, कारण तिच्या जाड शेपटीत चरबीचा साठा असतो. हाच साठा पाळणाऱ्याला फसवतो. शेपटी बारीक दिसू लागते तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवणे, हे मी सर्वांत महत्त्वाचे निदानाचे साधन मानतो. वजन स्थिर असेल तर वाट पाहता येते. १० टक्के उतरले तर वाट पाहू नये. पिल्लांना हा साठाच नसतो, ती आठवडाभरातही खचतात. शेपटी तुटून गेलेल्या पालीचीही तशीच काळजी घ्यावी लागते.

अतिलठ्ठ पालीने एकाएकी खाणे सोडले तर धोका उलट्या बाजूने येतो. शरीरातली चरबी वेगाने यकृतात उतरते आणि यकृत काम करेनासे होते. काखेत फुगवटे आलेल्या लठ्ठ पालीला म्हणून उपाशी ठेवून बारीक करू नये.

आतडे तुंबणे

वाळू, लाकडाचा भुसा, अक्रोडाच्या टरफलांचा चुरा अशा गोष्टी शिकारीबरोबर पोटात जाऊन आतड्यात गच्च बसतात. विष्ठा थांबते, पोट फुगते, पाल कुंथते, मागचे पाय ओढते. जोर करताना कधी अवस्कराचा (विष्ठा, मूत्र व अंडी बाहेर पडण्याच्या सामाईक मार्गाचा) अस्तर-भाग बाहेर येतो. तो ओला ठेवून त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.

सगळा दोष वाळूवर ढकलण्याची प्रथा आहे, ती अपुरी आहे. रानातली पाल मातीतच जगते, मात्र ती माती घट्ट, चिकणमातीमिश्रित असते आणि पालीच्या अंगात ऊब व पाणी पुरेसे असते. थोडेफार कण निरोगी आतडे बाहेर टाकते. थंड पेटी, पाण्याची कमतरता आणि कॅल्शियमसाठी माती चाटणे ही तीन कारणे जमली की तेच कण अडतात. ‘कॅल्शियमची वाळू’ म्हणून विकली जाणारी वस्तू तर पालीला चाटायला प्रवृत्तच करते. पिल्ले आणि आजारी पाली कागदी टॉवेलवर ठेवाव्यात. विष्ठाही त्यावर स्वच्छ दिसते.

पहिला उपाय म्हणजे तापमान दुरुस्त करणे आणि कोमट, पोटापर्यंतच येईल इतक्या उथळ पाण्यात पालीला दहापंधरा मिनिटे ठेवणे. दोनतीन दिवसांत फरक पडला नाही तर क्ष-किरण चित्र काढून घ्यावे. तोंडात बळेच तेल ओतण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण ते श्वासनलिकेत उतरले तर फुप्फुसांचा दाह होतो. पोटाच्या पातळ कातडीतून दिसणारी गडद छटा बहुतेकदा यकृताची किंवा नुकत्याच खाल्लेल्या अन्नाची असते, नुसत्या तिच्यावरून घाबरू नये.

विष्ठा आणि परजीवी

नीट पचलेली विष्ठा तपकिरी, घट्ट असते आणि तिच्याजवळ यूरिक आम्लाचा पांढरा गोळा पडलेला असतो. गेको बहुधा एकाच कोपऱ्यात विष्ठा करते, त्यामुळे पाहणी सोपी असते. पांढरा भाग पिवळट, कडक झाला तर पाणी कमी पडते आहे. पातळ, दुर्गंधीची किंवा न पचलेले किडे असलेली विष्ठा परजीवींकडे बोट दाखवते. सूत्रकृमी थोड्या संख्येने असतील तर त्रास देत नाहीत, वाढले की औषध लागते. कॉक्सिडिया हे आतड्यातले एकपेशीय परजीवीही औषधाला दाद देतात.

क्रिप्टोस्पोरिडियमची गोष्ट वेगळी आणि दुःखाची आहे. क्रिप्टोस्पोरिडियम व्हॅरॅनी हा एकपेशीय परजीवी लहान आतड्याच्या अस्तरात वाढतो आणि अन्नाचे शोषण बिघडवतो. पाल कधी खात असूनही झिजते, शेपटी काडीसारखी होते. खात्रीचा उपचार नाही. पॅरोमोमायसिन या औषधाने लक्षणे कमी होतात, परजीवी पुरता जात नाही. विष्ठेतून तो अधूनमधूनच बाहेर पडतो, त्यामुळे पीसीआर चाचणी एकदा निर्दोष आली तरी पुन्हा करावी लागते. घरगुती ब्लीचला तो दाद देत नाही. अमोनिया आणि कडक वाफ मात्र परिणाम करतात. लक्षणे नसलेली पालही तो पसरवू शकते. म्हणून नवी पाल दोनतीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्यांनी आणि वेगळ्या भांड्यांनी सांभाळावी, आणि एका पेटीतला उरलेला किडा दुसऱ्या पेटीत कधीही टाकू नये.

भरवणे

खूप झिजलेल्या पालीला आधी पाणी आणि ऊब द्यावी, अन्न नंतर. मांसाहारी प्राण्यांसाठीचे पातळ खाद्य नाकाच्या टोकावर थेंबाथेंबाने लावले की ती ते चाटते. जबडा उघडून सिरिंजने भरवण्याचे काम शिकलेल्या हातांनीच करावे. खाल्ल्यावर निदान एक दिवस तिला हातात घेऊ नये. निरोगी दिसणाऱ्या पालीच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, तिची भांडी स्वयंपाकघरातल्या मोरीत घासू नयेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांना तिला हाताळू देऊ नये.