वाफेने रोमछिद्रे उघडत नाहीत

फेशियलमध्ये वाफेने रोमछिद्रे उघडतात आणि शेवटी बर्फ फिरवला की ती मिटतात, असे पार्लरमध्ये वर्षानुवर्षे सांगितले जाते. परंतु रोमछिद्राची दारासारखी उघडझाप करणारा स्नायूच नसतो. वाफेमुळे छिद्रात साचलेला तेलकट मळ आणि वरची मृत त्वचा मऊ पडते, त्यामुळे नाकावरचे ब्लॅकहेड्स कमी जोर लावून निघतात, इतकेच. बर्फाने सूज व लाली तात्पुरती उतरते, म्हणून छिद्रे बारीक भासतात. मात्र ‘अजून उघडू द्या’ म्हणत वाफ लांबवणे त्रासदायक ठरते, कारण वांग किंवा रोझेशिया (चेहरा वारंवार लाल होण्याचा त्वचाविकार) असलेल्या चेहऱ्यावर उष्णतेने डाग आणि लाली वाढू शकते. जाणकार थेरपिस्ट आधी त्वचा पाहते, स्टीमर हातभर दूर ठेवते, 5 ते 7 मिनिटांत थांबते आणि ब्लॅकहेड काढण्याची पिन निर्जंतुक करूनच हाती घेते.