साडेबारा टक्के योजना

नवी मुंबईसाठी संपादित झालेल्या खासगी जमिनीच्या मूळ खातेदाराला, रोख मोबदल्याखेरीज, घेतलेल्या क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड सिडको या शासनाच्या शहर विकास महामंडळामार्फत देण्याची महाराष्ट्र शासनाची योजना. ठाणे, पनवेल व उरण या तीन तालुक्यांतील मिळून ९५ गावांशी तिचा संबंध येतो. ६ मार्च १९९० चा शासन निर्णय हा तिचा औपचारिक आरंभ होय. २८ ऑक्टोबर १९९४ च्या निर्णयाने तिच्या नियमांत सुधारणा झाली.

ठाणे आणि पनवेल खाड्यांच्या काठची शेती बरीचशी खारजमिनीवरची. भरतीचे पाणी अडवायला मातीचा बांध, आतले पाणी ओहोटीला सोडायला उघाडी, आणि पावसाने मातीतले मीठ धुऊन काढल्यावर येणारे भाताचे एकच पीक, अशी तिची रीत होती. जोडीला मिठागर, खाडीतली मासेमारी आणि उन्हाळ्यात बांधदुरुस्ती. बांध एकट्याने राखता येत नाही, त्यामुळे या शेतीला गावकीची बैठक होती. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि अनेक आगरी, कोळी, कराडी कुळे प्रथमच कायद्याने मालक झाली. खरेदीची किंमत हप्त्यांनी फेडायची होती. पुढच्या तेरा वर्षांत, १९७० साली, त्याच जमिनींवर संपादनाची अधिसूचना निघाली. या भागातला शेतकरी ‘जमीन सरकारने घेतली’ असे म्हणतो तेव्हा त्यात हे तेरा वर्षांचे अंतर धरलेले असते, आणि ते ध्यानात घेतल्यावाचून पुढच्या लढ्याची धार कळत नाही.

सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. नियोजित शहरासाठी प्रथम ८६ गावे अधिसूचित झाली आणि १९७३ मध्ये आणखी ९ गावांची भर पडली; एकूण क्षेत्र सुमारे ३४४ चौ. किमी. बेलापूर पट्टीतील काही जमीन एमआयडीसीने (महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ) ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्ट्यासाठी आधीच घेतली होती. ते संपादन वेगळे असल्यामुळे एकाच गावातील दोन भावकींना दोन निरनिराळ्या यंत्रणांचे नियम लागू झाले.

योजनेचा उगम नेमका कधी मानावा, याविषयी एकमत नाही. सरकारी टिपणे १९९० च्या निर्णयापासून सुरुवात करतात. आंदोलनाच्या परंपरेत ती जानेवारी १९८४ च्या जासई आंदोलनापासून मोजली जाते: १६ जानेवारीला दास्तान फाटा आणि १७ जानेवारीला नवघर फाटा येथे पोलिसांच्या गोळीबारात धुतूम व पागोटे या गावांचे मिळून पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यांचा हुतात्मा दिन या परिसरात आजही पाळला जातो. तिसरे मत योजनेला त्याहून मागे नेते. सिडकोची आरंभीची गावठाण विस्तार योजना होती; तीत संपादित जमिनीच्या प्रमाणात गावालगत लहान भूखंड देण्याची तरतूद होती आणि साडेबारा टक्के हे तिचेच वाढलेले रूप, असे हे मत. प्रशासकीय दृष्टीने ते तर्कसंगत दिसते, पण दोहोंच्या स्वरूपात मोठा फरक आहे. गावठाण विस्तारात गावाला वाढायला जागा मिळत होती. साडेबारात खातेदाराला शहराच्या वाढलेल्या किमतीत वाटा मिळाला. पहिल्या तरतुदीच्या मुळाशी गरज होती, दुसरीच्या मुळाशी हक्क. १९९० च्या निर्णयाच्या संदर्भ क्रमांकातच १९८५ हे साल आहे, म्हणजे धारिका गोळीबारानंतरच्या वर्षी उघडली गेली होती. त्यामुळे उगम १९८४–८५ च्या आसपास धरून १९९० हे मान्यतेचे साल समजणे अधिक सयुक्तिक ठरते.

साडेबारा टक्के म्हणजे एक अष्टमांश. एकराचे गुंठे चाळीस, म्हणजे एकरी पाच गुंठे. मात्र हे सगळे खातेदाराच्या हाती येत नाही. सामाजिक सुविधांसाठी त्यातील तीस टक्के, म्हणजे मूळ क्षेत्राच्या ३.७५ टक्के, कापून घेतले जातात. उरतात ८.७५ टक्के, अर्थात एकरी साडेतीन गुंठे, सुमारे ३५४ चौ. मीटर. त्यावर दीड चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या दीडपट बांधकाम, मिळतो आणि बांधकामाचा १५ टक्के भाग वाणिज्य वापरासाठी ठेवता येतो. भूखंड भाडेपट्ट्याने मिळतो. जमिनीची मालकी सिडकोकडेच राहते. जुन्या सातबारावर आजोबांचे नाव, पुढे वाढलेले वारस आणि हिस्सेदारांतील तंटे, यांमुळे एकेका खात्याची पात्रता ठरायला वर्षानुवर्षे गेली. भाताचे बांध ज्यांच्या तोंडपाठ होते त्यांना वारस दाखला, सोडत आणि त्रिपक्षीय करार ही नवी भाषा शिकावी लागली. त्रिपक्षीय करारात सिडको, मूळ खातेदार आणि नवा भूखंडधारक हे तीन पक्ष असतात. असे बरेच भूखंड याच वाटेने बिल्डरकडे गेले. हे घडायला शेतकऱ्याचा उतावीळपणा कारण झाला, असे काही लेखक सुचवतात. उत्पन्नाचे साधन आधीच गेले होते आणि भूखंड हाती यायला वीस-पंचवीस वर्षे लागली, हे पाहता तो आरोप अन्यायाचा आहे.

मागणी विधिमंडळात आणि संसदेत नेण्याचे काम प्रामुख्याने दिनकर बाळू ऊर्फ दि. बा. पाटील (१९२६–२०१३) यांनी केले. उरण तालुक्यातील जासईचे दि. बा. शेतकरी कामगार पक्षाचे. पनवेलमधून ते पाच वेळा विधानसभेवर गेले, १९७२ पासूनच्या विधानसभेत विरोधी पक्षनेते होते, आणि १९७७ व १९८४ मध्ये कुलाबा (हल्लीचा रायगड जिल्हा) मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. जासईच्या आंदोलनाच्या वेळी ते आमदार होते, त्या वर्षअखेरीस खासदार झाले. ठाण्याच्या बाजूने अशा प्रतिनिधित्वाची आधीची परंपरा होती: वारली आदिवासींच्या १९४५ च्या उठावातील नेते शामराव परुळेकर १९५७ मध्ये ठाण्यातून लोकसभेवर गेले होते.

शेती आणि जमीन हे दोन्ही विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीत आहेत (अनुक्रमे नोंद १४ व १८). म्हणून शेतकऱ्यांचा प्रश्न घेऊन उभ्या राहिलेल्या खासदाराला ‘हा राज्याचा विषय’ असे उत्तर मिळण्याची शक्यता कायम असते. भूसंपादन मात्र समवर्ती सूचीत (नोंद ४२) आहे आणि न्हावा-शेवा बंदर केंद्राचे, त्यामुळे या दोन दारांनी नवी मुंबईचा शेतकरी संसदेत पोचू शकला. सदस्याच्या हाती साधने मोजकीच: तारांकित प्रश्न, प्रश्नोत्तरांनंतरचा शून्य प्रहर, लोकसभेच्या नियम ३७७ खालील निवेदन, अर्थसंकल्पी मागण्यांवरील चर्चा आणि शुक्रवारचे अशासकीय विधेयक. मतदारसंघातील एखाद्या गावाचा उघाडीचा किंवा मोबदल्याचा प्रश्न बहुधा शून्य प्रहरात किंवा नियम ३७७ खालीच येतो. सरकार त्याने बांधले जात नाही, पण प्रश्न कार्यवृत्तात नोंदला जातो आणि नियम ३७७ खालील निवेदनाला संबंधित मंत्रालयाकडून लेखी उत्तर अपेक्षित असते. या साधनांना कमी लेखण्याचे कारण नाही. गावच्या ठरावाला जो कागद मिळवता येत नाही, तो ती मिळवून देतात.

१९८४ हेच वर्ष राष्ट्रीय पातळीवरही महत्त्वाचे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात संसदेने त्या वर्षी मोठी दुरुस्ती केली (२४ सप्टेंबर १९८४ पासून लागू). सक्तीच्या संपादनाबद्दलची दिलासा रक्कम १५ टक्क्यांवरून ३० टक्के झाली, बाजारभावावर वार्षिक १२ टक्के वाढीव रक्कम आली, आणि घोषणेनंतर दोन वर्षांत निवाडा न झाल्यास संपादन रद्द होण्याची तरतूद झाली. जासईचा गोळीबार आणि ही दुरुस्ती यांच्यात थेट कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह होतो, परंतु दुरुस्तीची चर्चा देशभर आधीपासून चालू होती. २०१३ च्या नव्या कायद्याने (१ जानेवारी २०१४ पासून लागू) नागरीकरणासाठी घेतलेल्या जमिनीपैकी २० टक्के विकसित जमीन खातेदार कुटुंबांसाठी राखून ठेवण्याचे बंधन घातले; ती संपादन व विकासाच्या खर्चाइतक्या किमतीत द्यायची असते. नवी मुंबईत राज्याच्या निर्णयाने जे मिळाले, त्याच्याशी नाते सांगणारे तत्त्व अशा रीतीने केंद्रीय कायद्यात आले.

योजनेची मोठी उणीव तिच्या व्याख्येतच आहे. तिचा आधार सातबारा. ज्याच्या नावावर जमीन नाही तो बाहेर राहिला: शेतमजूर, मिठागरावरचा कामगार, खाडीत जाळे टाकणारा कोळी, टेकडीकडचा कातकरी. खाडीत भराव पडल्याने मासेमारीचे नुकसान झाले, तरी ते मोजायला कोणताच उतारा नव्हता. बांधावर आणि रोपलावणीला राबणाऱ्या बायकांचे नाव उताऱ्यावर क्वचितच असे. २०१३ च्या कायद्यातील ‘बाधित कुटुंबा’च्या व्याख्येत संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर उपजीविका असलेले शेतमजूर येतात, पण तोवर नवी मुंबईतील बहुतेक संपादन होऊन गेले होते.

गावठाणांची हद्द वेळेवर न वाढल्याने प्रकल्पग्रस्तांनी संपादित जमिनीवर घरे बांधली. ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ या नावाने ती सरकारी कागदांत येतात. घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, नेरूळ अशा गावांतून हा प्रश्न योजनेइतकाच जिव्हाळ्याचा आहे.

न्हावा-शेवा येथील जेएनपीटी (जवाहरलाल नेहरू पोर्ट ट्रस्ट) बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. तेथील प्रकल्पग्रस्तांच्या साडेबारा टक्क्यांच्या मागणीला केंद्राची मंजुरी मिळून ऑगस्ट २०१४ मध्ये उरण येथील कार्यक्रमात प्रातिनिधिक वाटप झाले. नवी मुंबई विमानतळाच्या बाधितांसाठी साडेबारात आणखी दहा टक्क्यांची भर घालून साडेबावीस टक्क्यांचे पॅकेज ठरले आणि त्यांचे पुनर्वसन पुष्पकनगर परिसरात झाले. विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे यासाठी १० जून २०२१ रोजी मानवी साखळी आणि २४ जून रोजी, त्यांच्या स्मृतिदिनी, बेलापूरच्या सिडको भवनाला घेराव अशी आंदोलने झाली. राज्य विधिमंडळाने २०२२ मध्ये तसा ठराव केला.