एक साईज मोठी द्या म्हणण्याआधी हे वाचा

आठवड्यातून एकदा तरी हे होतंच. कोणीतरी ताई येतात, पिशवी काउंटरवर ठेवतात, दुकानात दुसरं कोणी गिऱ्हाईक नाही ना बघून घेतात आणि हळूच म्हणतात, अहो हे घासतंय हो. पिशवीत आम्हीच शिवलेली सायकलची पॅडेड शॉर्ट, म्हणजे बसायच्या जागी आतून फोमचं पॅड लावलेली, एक्सएल. आणि ताईंकडे बघितल्यावर कळतं की यांना एम लागते, फार तर एल. एवढी मोठी का घेतली विचारलं तर उत्तर ठरलेलं, जरा सैल बरी वाटते. मग दुसरा प्रश्न, जो विचारायला मला अजूनही अवघड जातं पण विचारावाच लागतो, आत काय घातलं होतं? त्याचंही उत्तर ठरलेलं, नेहमीची इनर, म्हणजे चड्डी.

म्हणून हा कागद. आता प्रत्येक पिशवीत टाकणार आहोत, आणि व्हॉट्सॅपवर चौकशी करणाऱ्यांनाही आधी हाच पाठवणार, कारण तेच तेच टाईप करून माझा अंगठा दुखायला लागलाय.

आम्ही मूळचे युनिफॉर्मवाले. सोलापुरात शाळेचे, कंपन्यांचे युनिफॉर्म शिवणारे पुष्कळ आहेत त्यातलेच एक, अक्कलकोट रोडला. सायकलच्या कपड्यात पडलो ते माझ्यामुळे. मी सकाळच्या ग्रुपबरोबर सायकल चालवायला लागले तेव्हा ऑनलाईन एक युनिसेक्स शॉर्ट मागवली होती. युनिसेक्स म्हणजे काय ते घातल्यावर कळलं, पुरुषांचीच शॉर्ट, फक्त लेबल वेगळं. मांडीला आवळत होती, कमरेला मागून हात जाईल एवढी मोकळी होती आणि पुढे वाकलं की मागून खाली सरकायची. ती उसवून आमच्या कटिंग मास्तरांपुढे ठेवली. मास्तरांनी आयुष्यभर शाळेच्या हाफपँट कापलेल्या, ते बघून म्हणाले, हे तर जेन्ट्सचं पॅटर्न आहे, बाईला कसं बसणार.

मुद्दा तोच आहे. बायकांचं कंबर आणि नितंब यांच्या मापातलं अंतर जास्त असतं, त्यामुळे नितंबाला बसणारी जेन्ट्स शॉर्ट कमरेला ढिली होते आणि कमरेला बसणारी खाली आवळते. सायकलवर आपण वाकून बसतो म्हणून मागची उंची जास्त लागते आणि पुढची कमी, नाहीतर पोटात कापड गोळा होतं. आणि पॅडचं तर पूर्णच वेगळं. खुर्चीवर कडक जागी बसलं की खाली जी दोन हाडं टोचतात ना, सगळा भार त्यांच्यावर असतो, आणि बायकांमध्ये साधारणपणे त्या दोन हाडांतलं अंतर जास्त असतं. म्हणून लेडीज पॅडचा जाड भाग मागे रुंद असतो आणि पॅड पुढे आखूड असतं. जेन्ट्स पॅड पुढे लांब असतं, कारण उघड आहे. जेन्ट्स पॅड घालून बसलात तर जाडी हाडांच्या मधे कुठेतरी जाते आणि जिथे हवी तिथे कडेची पातळ पट्टी येते. पैसे पॅडचे दिले, बसलात मात्र पट्टीवर.

आता सैलपणाचं, कारण खरं दुखणं तिथेच आहे. आपल्याला लहानपणापासून सवय आहे की कपडा थोडा मोठाच घ्यायचा, आधी वाढतं अंग म्हणून, मग धुतल्यावर आटेल म्हणून आणि मोठं झाल्यावर लोक काय म्हणतील म्हणून. सलवारला, ड्रेसला ते चालतं. पॅडेड शॉर्टला अजिबात चालत नाही, कारण पॅडचं काम कातडीबरोबर हलणं हे आहे. शॉर्ट घट्ट असली की पॅड अंगाला धरून राहतं आणि जी काही घासाघीस व्हायची ती शॉर्ट आणि सीटच्या मधे होते. सैल असली की पॅड जागेवर राहतं आणि त्याच्यावर तुम्ही हलता, मग घासाघीस पॅड आणि कातडीत. इथून तुळजापूर धरा, ४५ किलोमीटर, घाट आहे, आरामात गेलं तर तीन तास. मिनिटाला ७० वेळा पॅडल फिरलं तरी तीन तासात साडेबारा हजार वेळा होतं. साडेबारा हजार वेळा एकाच जागी कापड घासलं तर काय होईल ते सांगायला डॉक्टर नको.

ट्रायल घेताना ताया आरशासमोर सरळ उभ्या राहतात, दोन पावलं चालतात आणि म्हणतात, लई टाईट वाटालंय की ओ, आणि मधे लहान बाळाला डायपर घातल्यासारखं. वाटणारच. ही शॉर्ट चालण्यासाठी नाहीये. ट्रायल रूममधे आम्ही मुद्दाम एक उंच स्टूल ठेवलंय, त्यावर बसा, हँडल धरल्यासारखं पुढे वाका, गुडघे वरखाली करा, आणि मग सांगा. उभं राहून थोडी विचित्र आणि वाकल्यावर बरोबर, म्हणजे साईज बरोबर. उभं राहून मस्त वाटत असेल तर बहुतेक मोठी आहे. मांडीवर कापड चिमटीत धरून बघा, चिमटीत नुसतं कापड सुटून आलं तर एक साईज खाली या. उलट मांडीच्या रबराचा लाल वळ उठून तासभर राहत असेल तर मात्र लहान आहे, ते पण सांगा, आम्ही काय मुद्दाम आवळायला बसलो नाही.

माप कसं घ्यायचं. कुर्तीची साईज सांगू नका, प्लीज. कुर्तीची साईज छातीवर ठरते, तिचा कमरेखाली काही संबंध नाही. जीन्सचा नंबर पण नको, तो कंपनीगणिक बदलतो. पातळ लेगिंगवर, पाय जुळवून, नितंबाचा सगळ्यात रुंद भाग जिथे येतो तिथून टेप आडवी फिरवा, मागे खाली घसरू देऊ नका, इंचात लिहून पाठवा. दुसरं माप कमरेचं, तिसरं मांडीचं, सगळ्यात जाड जागी. कमरेचं आणि खालचं माप वेगवेगळ्या साईजमधे आलं (निम्म्या तायांचं येतं) तर खालच्या मापाची घ्या, कमरेचं इलॅस्टिक आम्ही दुकानातच कमी करून देतो, त्याचे पैसे घेत नाही. बाहेरच्या ब्रँडच्या शॉर्टला ही सोय कोण देणार, तुम्हीच सांगा.

मिस्टरांना एकटं पाठवू नका. दादा येतात, काउंटरवर हात पसरून दाखवतात, साधारण एवढी आहे, माझ्यापेक्षा थोडी बारीक. अहो दादा, ह्या हातवाऱ्यावर मी कुठली साईज काढू? आणि सरप्राईज म्हणून घेऊन गेलात की चौथ्या दिवशी वहिनी परत येतात, ते सरप्राईज माझ्या वाट्याला. तीन मापं कागदावर आणा, आनंदाने देते.

आता आत काय घालायचं. काही नाही. हे वाक्य मी दिवसातून चार वेळा म्हणते आणि चार वेळा समोरची बाई इकडेतिकडे बघते. पॅडेड शॉर्ट थेट अंगावर घालायची असते, जगभर असंच वापरतात. पॅडच्या वरच्या कापडाला मधे शिलाई नसते, ते घाम ओढून घेतं. आत इनर घातली की तिची कडेची शिलाई बरोबर नको त्या जागी येते, कॉटन घामाने भिजतं आणि भिजलेलंच राहतं. आपल्याकडे एप्रिल-मे मधे पारा ४२ च्या वर जातो, सकाळी साडेपाचला निघालं तरी आठला अंग चिंब. ओलं कॉटन, शिलाई आणि तीन तास, याच्यावर पावडर मारून काही होत नाही. एवढं करून ताया म्हणतात पॅड खराब आहे. पॅड खराब नाही हो, पॅडला काम करू दिलं नाही.

लाज वाटते हे मला कळतं, मलाही वाटायची. घट्ट शॉर्टवर चौकातून जायचं, ओळखीचे काका दूध घेऊन चाललेले असतात. त्यासाठी आमच्याकडे दुसरा माल आहे, पॅडेड लायनर. पातळ असतो, अंगाला घट्ट बसतो, वरून तुमची नेहमीची ट्रॅक पँट, सैल थ्री-फोर्थ, लांब कुर्ता, काहीही घाला. फक्त कुर्त्याची टोकं चेनमधे जाणार नाहीत एवढं बघा. सैल काय घालायचं ते वरून, आतलं घट्टच. खरं सांगायचं तर शॉर्टपेक्षा लायनरच आमच्याकडे जास्त खपतो, आषाढीच्या आधी पंढरपूरला सायकलवर जाणाऱ्या आणि कोजागरीला तुळजापूर करणाऱ्या बऱ्याच जणी हाच नेतात.

फोनवर एक गोंधळ कायम होतो म्हणून लिहिते. पॅडेड शॉर्टमधलं पॅड म्हणजे फोम. पाळीसाठी ते नाही, ते रक्त शोषत नाही. पाळीत सायकल चालवता येते, पण नेहमीचं सॅनिटरी पॅड या फोमवर चिकटवलं की ते गोळा होतं आणि कडेने घासतं. कप किंवा टॅम्पॉन वापरणाऱ्यांना सोपं जातं. ज्यांना ते जमत नाही त्यांनी त्या दिवसांत अंतर कमी ठेवावं.

अजून एक, "सगळ्यात जाड पॅड द्या". जाड म्हणजे चांगलं असं नाही. मऊ जाड फोम पहिल्या पाच किलोमीटरला सोफ्यासारखा वाटतो आणि नंतर दबून सपाट होतो. दाट फोम हाताला कडक लागतो पण दोन-तीन तास टिकतो. रोज सकाळी तळ्याला चक्कर मारून परत येणार असाल तर पातळ, स्वस्तातला घ्या, महागडा मी स्वतःच देणार नाही.

हेच सीटच्या जेल कव्हरला लागू. विकतो आम्ही, लोक मागतात म्हणून, पण विचारलंत तर घेऊ नका म्हणेन. खूप मऊ सीटमधे हाडं आत रुततात आणि मधला नाजूक भाग वर दाबला जातो, मुंग्या येतात, बधिरपणा येतो. आधी सीटची रुंदी बघा. घरी करायचं असेल तर खोक्याचा नालीदार पुठ्ठा कडक पायरीवर ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा, पाय थोडे उचला, उठून बघा, दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मिलिमीटरमधे मोजा, त्यात वीस-पंचवीस मिळवा, साधारण तेवढी रुंद सीट लागेल. सरळ ताठ बसून चालवणारी असाल तर अजून थोडी रुंद. मधे खाच असलेली सीट बऱ्याच जणींना बरी पडते. जॉर्जेना टेरी नावाच्या अमेरिकन बाईंनी १९८५ साली खास बायकांसाठी सायकलींची कंपनी काढली, खाचेच्या लेडीज सीटसाठी त्यांचं नाव अजून घेतात, म्हणजे ही काय आमच्या दुकानाची टूम नाही. सीटचं टोक वर आलं असेल तर तेही खाली घ्या, निम्म्या तक्रारी एका पान्याने मिटतात आणि त्याला पैसे लागत नाहीत.

बाकी लेडीज म्हणून जे जे विकतात ते सगळं घ्यायची गरज नाही. हेल्मेट लेडीज-जेन्ट्स असं फारसं काही नसतं, रंग बदलतो. डोक्याचा घेर सेंटिमीटरमधे मोजा, भुवईच्या वर दोन बोटं सोडून. स्कार्फ बांधून चालवत असाल तर स्कार्फ बांधूनच मोजा, आणि अंबाडा घालत असाल तर सायकलवर वेणी घाला, अंबाड्यावर हेल्मेट मागून उचललं जातं, पडलात तर काही उपयोग नाही. ग्लोव्हजमधे मात्र फरक पडतो, जेन्ट्स ग्लोव्हजचा तळवा रुंद, तो सुरकुतला की फोड येतात. सायकलची फ्रेम घेताना आपली उंची बघा, लेडीज हे नाव नको. ब्रेकपर्यंत बोटं पोचत नसतील तर बहुतेक सायकलींच्या लिव्हरला जवळ घ्यायचा छोटा स्क्रू असतो, सायकल घेऊन या, पाच मिनिटात करून देतो.

धुणं. फिरून आलं की लगेच काढा, त्यावरच चहा-पोहे-गप्पा नको, ओल्या पॅडमधे बसून पुरळ येतं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही हे मान्य, पण अर्धी बादली पुरते. उलटी करून, साध्या साबणाने, गार पाण्यात, हाताने. गरम पाणी नको, कम्फर्टसारखं काही नको, त्याने कापडाची घाम ओढायची ताकद जाते. ब्रश तर नकोच, आमच्या एका मावशींनी चादर घासतात तशी दगडावर घासली होती. सोलापुरी चादर नाहीये ती. सावलीत वाळवा, उन्हात लायक्रा ढिला पडतो. रोज चालवणाऱ्यांनी दोन घ्या, एक वाळतेय तोवर दुसरी, दोन एकदम घेतल्या तर थोडे कमी करते.

परत घेण्याबद्दल. टॅग असलेली, न वापरलेली शॉर्ट सात दिवसात बदलून देतो. ट्रायल मात्र इनरवरूनच घ्यायची, तेवढ्यापुरती. सायकलवर एकदा जरी घातली तरी परत घेत नाही. यावरून आमच्यावर रागावलेले लोक आहेत, एकदोघांनी रिव्ह्यूमधे तसं लिहिलंही आहे. पण तुम्हीच विचार करा, परत घेतलेली ती शॉर्ट मी पुढच्या ताईला कशी देऊ? अंगाला लागून वापरायची वस्तू आहे. दुसरे विकत असतील, आम्ही विकत नाही, आणि तुम्हाला इथे मिळणारी प्रत्येक शॉर्ट कोरीच असेल याची खात्री त्यामुळेच देता येते. शिलाई उसवली, इलॅस्टिक सैल पडलं तर कधीही आणा, आमची शिलाई आहे, आम्ही दुरुस्त करणार.

लेडीज मापं मी किंवा माझी नणंद घेतो, सकाळी अकरा ते दोन आणि संध्याकाळी पाचनंतर. दुपारी आलात तर फक्त मास्तर असतात, ते स्वतःच लाजतात. आणि जुनी घासणारी शॉर्ट दाखवायला आणणार असाल तर अवश्य आणा, फक्त धुऊन आणा.