अभिजात मोटारगाडी : मूल्यनिर्धारण व विमा (मुंबई)

संग्राह्य ठरलेल्या जुन्या मोटारगाडीची बाजारातील खरी किंमत ठरवणे आणि त्या किमतीइतके विमासंरक्षण मिळवणे, या परस्परावलंबी व्यवहारांची ही नोंद आहे. नव्या गाडीची किंमत दरवर्षी उतरते आणि विम्याची रक्कमही घसाऱ्याच्या तक्त्याप्रमाणे खाली येते. अभिजात गाडीच्या बाबतीत हा क्रम काही वर्षांनी उलटतो. विम्याचा तक्ता मात्र घसाऱ्याच्याच हिशेबाने चालत राहतो. बहुतेक तंट्यांचे मूळ येथे आहे.

मुंबईत जुन्या गाड्या मोठ्या संख्येने टिकल्या याला औद्योगिक पार्श्वभूमी आहे. जनरल मोटर्सने शिवडी येथे १९२८ मध्ये जुळणीचा कारखाना काढला व तो १९५४ पर्यंत चालवला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा (स्था. १९४४) कुर्ला येथील कारखाना, भांडुपची लॅम्ब्रेटा बनवणारी ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, माझगावातील महिंद्रांची जीपजुळणी यांमुळे सुटे भाग, मिस्त्री व कागदपत्रे शहरातच राहिली. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन (स्था. १९१९) आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया या संस्थाही मुंबईच्याच. यांतील दुसऱ्या संस्थेला विम्याच्या दरपत्रकात स्थान मिळाले, त्याचा उल्लेख पुढे येईल.

कालमर्यादेचा प्रश्न : कोणती गाडी ‘व्हिंटेज’ मानावी याविषयी एकमत नाही, आणि हा केवळ अभ्यासकांचा वाद नाही; कोणती मर्यादा लागू होते त्यावर विम्याची रक्कम ठरते. ब्रिटिश परंपरेत १९३० अखेरपर्यंतच्या गाड्यांनाच हे नाव दिले जाते. जुन्या वाहनांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फिवा’ (स्था. १९६६) किमान ३० वर्षांचे वाहन ऐतिहासिक मानतो. त्याच्या वर्गवारीत १९०४ अखेरपर्यंतचा, १९०५–१८, १९१९–३०, १९३१–४५, १९४६–६० व १९६१–७० असे गट असून त्यापुढे तीस वर्षे पूर्ण केलेल्या गाड्यांचा गट येतो. ‘व्हिंटेज’ ही संज्ञा या वर्गवारीतही १९१९–३० या गटापुरतीच आहे.

भारतात दोन स्वतंत्र मर्यादा प्रचारात आल्या. विम्याचे दर ठरवणाऱ्या टॅरिफ अ‍ॅडव्हायझरी कमिटीच्या १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या मोटार दरपत्रकाप्रमाणे, ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने तसे प्रमाणित केलेली मोटार व्हिंटेज होय. हेच वर्ष का निवडले, याचे कारण दरपत्रकात दिलेले नाही. एक तर्क असा की ब्रिटनमधील नागरी मोटारींचे उत्पादन १९४० च्या सुमारास युद्धामुळे जवळजवळ थांबले. तेव्हा युद्धपूर्व व युद्धोत्तर गाड्यांमधील ही नैसर्गिक फट होती. दुसरा तर्क असा की १९३१–४० या काळातील निवडक गाड्यांसाठी ब्रिटिश छांदिष्टांनी केलेला पुढचा वर्ग येथे पहिल्या वर्गात मिसळून घेतला गेला. अमेरिकेत नागरी उत्पादन १९४२ च्या फेब्रुवारीपर्यंत चालू होते आणि मुंबईत तर अमेरिकी गाड्या भरपूर होत्या. हे लक्षात घेता, ब्रिटिश वर्गवारीचा धागा दाखवणारा दुसरा तर्क अधिक पटणारा आहे.

दुसरी मर्यादा जुलै २०२१ ची. केंद्रीय मोटार वाहन नियमांत त्या वेळी ८१ए ते ८१जी ही कलमे घालण्यात आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेले, मूळ स्वरूपात जपलेले, चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेले दुचाकी वा चारचाकी वाहन त्यांनुसार व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीस २०,००० रु. व फेरनोंदणीस ५,००० रु. शुल्क असून नोंदणी १० वर्षे चालते. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ क्रमांक ठेवता येतो. नव्याने नोंदल्यास राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. जुन्या मुंबईचा ‘बीएम’ने सुरू होणारा क्रमांक ज्यांच्या गाडीवर आहे, त्यांच्या दृष्टीने मूळ क्रमांक राखण्याची सवलत शुल्कापेक्षा मोलाची. कारण असा क्रमांक हा गाडी सुरुवातीपासून याच भागात असल्याचा पुरावा असतो आणि किमतीत तो मोजला जातो.

दोन्ही मर्यादा एकत्र ठेवल्या की विसंगती दिसते. १९६८ ची फियाट ११०० डिलाइट आरटीओच्या लेखी व्हिंटेज होऊ शकते. दरपत्रकाच्या लेखी ती साधी जुनी मोटार आहे. १ जून २०२२ पासूनच्या तृतीय पक्ष हप्त्याच्या (आपल्या गाडीमुळे इतरांच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याच्या) नियमांत व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी मोटारीला मूळ हप्त्यात ५० टक्के सूट आहे, ती तिला मिळते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात दरपत्रकाने दिलेली २५ टक्के सूट आणि त्याहून महत्त्वाची अशी ठरीव मूल्याची, म्हणजे आधी ठरलेली रक्कम घसारा न कापता मिळण्याची सोय मात्र १९४० पूर्वीच्या गाड्यांसाठीच होती.

घोषित मूल्य व ठरीव मूल्य : भारतीय मोटार विम्यात भरपाईची कमाल रक्कम म्हणजे घोषित मूल्य, व्यवहारातील ‘आयडीव्ही’. ते उत्पादकाच्या चालू विक्रीकिमतीतून घसारा वजा करून काढतात : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० व पाचपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांपुढील आणि उत्पादन बंद झालेल्या गाड्यांसाठी तक्ता संपतो. तेथे रक्कम विमा कंपनी व मालक यांच्या परस्पर संमतीने ठरवावी, एवढेच दरपत्रक सांगते. प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, स्टँडर्ड हेराल्ड ही सारी मंडळी या एका वाक्यावर उभी आहेत.

संमतीने ठरलेले घोषित मूल्य आणि ठरीव मूल्य सारखेच वाटले, तरी त्यांत फरक आहे. ठरीव मूल्याच्या पॉलिसीत गाडी पूर्ण नष्ट झाली वा चोरीस गेली, तर ठरलेली रक्कम घसारा न कापता मिळते. दरपत्रकाने ही सोय व्हिंटेज गाड्यांखेरीज इतरांना नाकारली होती. या कल्पनेचे मूळ सागरी विम्यात आहे; भारताच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यात, लबाडी नसेल तर पॉलिसीत ठरलेले मूल्य उभयपक्षी अंतिम मानले आहे. १ जानेवारी २००७ पासून मोटारींचे स्वतःच्या नुकसानीचे दर खुले झाले, पण पॉलिसीची शब्दरचना त्यानंतरही बराच काळ जुन्याच वळणाची राहिली.

पाच वर्षांपुढील गाडीचा मालक यामुळे अगदीच उघडा पडतो असे नाही. नूतनीकरणाच्या वेळी कंपनीने जे मूल्य मान्य केले व ज्यावर हप्ता घेतला, ते काही महिन्यांनी दावा आल्यावर तिला मनमानीपणे खाली आणता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल आहे. नुकसान मोजणाऱ्या सर्वेक्षकाचा अहवाल महत्त्वाचा असला तरी अंतिम शब्द नव्हे, हे २००९ च्या निकालात आले. दोन्ही निकाल साध्या वाहनांसंबंधीचे असले, तरी जुन्या गाडीच्या मालकाला त्यांचा उपयोग अधिक आहे.

तपासणी : मूल्यनिर्धारक आणि विम्याचा सर्वेक्षक या दोन भूमिका वेगळ्या आहेत. १९३८ च्या विमा कायद्यातील कलम ६४यूएम खालील परवानाधारक सर्वेक्षक झालेले नुकसान मोजतो. अपघाताआधी गाडी किती किमतीची होती, हे सांगणारा माणूस बहुधा जुन्या गाड्यांच्या वर्तुळातला असतो.

तो सुरुवात कागदांपासून करतो. आर.सी. बुकातील चासी क्रमांक गाडीवरील ठोकीव क्रमांकाशी जुळवण्यासाठी पातळ कागद आकड्यांवर धरून त्यावर आडवी पेन्सिल फिरवतात व छाप घेतात. मूळ कारखान्याचे आकडे एका ओळीत, एका खोलीचे उमटतात. नंतर ठोकलेला आकडा किंचित तिरका किंवा उथळ येतो आणि भोवती कानशीने घासल्याच्या रेघाही उमटतात. इंजिन बदललेले असणे हा मुंबईत नेहमीचा प्रकार. पेट्रोलच्या दरामुळे मोठ्या अमेरिकी गाड्यांत डिझेल इंजिने बसवण्याची एके काळी पद्धत होती, आणि अशी गाडी कितीही चकचकीत असली तरी तिची किंमत मूळ इंजिनाच्या गाडीच्या जवळ जात नाही.

मग पत्रा. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा यांमुळे गंज वरून दिसत नाही तेथे धरतो : दारांच्या खालच्या कडा, पायठणाखालची जमीन, डिकीतील स्टेपनीची खोबण, पुढच्या काचेच्या रबराखालची पट्टी. सडलेल्या पत्र्यावर लांबी (पुटी) भरून वर रंग मारलेला असेल, तर कापडात गुंडाळलेले लोहचुंबक तेथे धरत नाही. जुन्या दादर-माटुंग्याच्या बंद गॅरेजांतील गाड्या या बाबतीत वरळी वा कुलाब्याच्या किनारी उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाड्यांपेक्षा बऱ्या निघतात, असा मिस्त्रींचा अनुभव.

नव्याने घडवलेली गाडी श्रेष्ठ की मूळ रंगाची, थोडी झिजलेली, याबद्दल दोन पक्ष आहेत. मुंबईच्या बाजारात दीर्घकाळ पहिला पक्ष वरचढ होता. ‘फिवा’च्या २०१२ च्या ट्युरिन सनदेने जतनाला पुनर्निर्मितीच्या वर स्थान दिले, २०२१ च्या भारतीय नियमांतील ‘मूळ स्वरूप’ ही अटही त्याच दिशेची आहे. मूळ गाडीला मागणारे गिऱ्हाईक कमी, पण ती पुन्हा निर्माण करता येत नाही. त्यामुळे मूल्यनिर्धारणात तिला झुकते माप देणे योग्य होय.

किमतीचा पुरावा हा या साऱ्यातला कच्चा दुवा आहे. बहुतेक विक्री ओळखीतून, खासगीत होते आणि कागदावरचा आकडा व्यवहारातला असेलच असे नाही. मुंबईच्या अ‍ॅस्टागुरू या लिलावसंस्थेने २०२० मध्ये जुन्या गाड्यांचा लिलाव केल्यापासून काही जाहीर आकडे मिळू लागले. लंडन वा अमेरिकेतील लिलावांचे भाव येथे सरळ लावता येत नाहीत. आयात-निर्यातीवरील निर्बंधांमुळे भारतीय बाजार बव्हंशी वेगळा राहिला आहे.

दावे : मूल्य कमी लावण्याचा तोटा केवळ चोरीच्या वेळी होतो, ही समजूत चुकीची आहे. दुरुस्तीचा खर्च घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला, की गाडी ‘पूर्ण नुकसान’ धरली जाते. समजा, चार-पाच लाख खर्चून उभी केलेली १९७५ ची पद्मिनी हप्ता वाचवण्यासाठी १,५०,००० रुपयांना विमाबद्ध केली. मर्यादा १,१२,५०० रुपयांवर येते. पुढची जाळी, बंपर, बॉनेट आणि एक मडगार्ड यांचे काम, क्रोमच्या मुलाम्यासह, १,२०,००० रुपयांवर गेले तर धडधाकट, दुरुस्त होण्याजोगी गाडी कागदावर भंगारात निघते. ती भंगाराची किंमत वजा करून मालकाने ठेवायची की कंपनीच्या हवाली करायची, ही पुढची घासाघीस.

अंशतः नुकसानीत घसारा सुट्या भागांवर लागतो : रबर, प्लास्टिक, टायर व बॅटरीवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के, काचेवर नाही. धातूच्या भागांवर तो वयाप्रमाणे चढत जातो आणि दहा वर्षांपुढे ५० टक्क्यांवर थांबतो. लाकडी भागही याच तक्त्यात बसतात, ही गोष्ट लाकडी सांगाड्याच्या युद्धपूर्व गाड्यांना महाग पडते. मजुरीवर घसारा नाही. जुन्या गाडीचे मडगार्ड दुकानात मिळत नाही, मिस्त्री ते पत्रा ठोकून घडवतो. तेव्हा बिलात पत्रा व मजुरी वेगळी दाखवली की भरपाईत मोठा फरक पडतो. रंगकामाचे बिल एकत्र असेल, तर २५ टक्के भाग साहित्याचा धरून त्यावर ५० टक्के घसारा लावतात. घसारामाफीची जोडपॉलिसी सहसा पहिल्या काही वर्षांच्या गाड्यांनाच मिळते.

पुराचे पाणी हा मुंबईचा खास धोका. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. पाण्यात बुडाल्याने झालेले नुकसान पॉलिसीत येते. पाणी शिरलेले इंजिन चालू करण्याचा प्रयत्न केल्याने वाकलेले कनेक्टिंग रॉड मात्र परिणामी नुकसान म्हणून बहुधा नाकारले जातात. वर्षानुवर्षे उभ्या गाडीची नोंदणी संपलेली असणे हाही अडथळा होतो. वैध नोंदणीवाचून रस्त्यावर आणलेल्या वाहनाचा दावा फेटाळणे योग्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले आहे.

वापराची अट : व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या व व्यावसायिक वापरास मनाई आहे. हॉर्निमन सर्कलहून निघणाऱ्या मिरवणुकीला त्यामुळे अडचण नाही. रविवारी पहाटे मरीन ड्राइव्हवर मारलेली हौसेची फेरी यांपैकी कशात मोडते, हे नियमात स्पष्ट नाही, आणि अशा फेरीत अपघात झाला तर कंपनीला हरकत घेण्यास जागा राहते. म्हणूनच पन्नाशी ओलांडलेल्या फियाटचे काही मालक तृतीय पक्षाची सूट सोडून साधी फेरनोंदणीच पसंत करतात.

दुचाकी : २०२१ च्या नियमांत दुचाकी येतात, दरपत्रकाची व्याख्या केवळ मोटारींची आहे. भांडुपच्या लॅम्ब्रेटाला आरटीओकडून व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, पण तिच्या विम्याचा आकडा विमा कंपनीशी बोलूनच ठरवावा लागतो.